सैल बोल्ट
बुटकीनं इंजिनिअर होताच नोकरी पकडली होती. "पीएचडी कर गं," असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा तिनं कोपरापासून हात जोडले होते. आज ती प्रयोगशाळेची किल्ली परत द्यायला आली, तर तिनं वर्षभर खपून बनवलेल्या यंत्रापाशी वर्गातली चष्मिश ऐटीत बसलेली. "पीएचडीसाठी मॅडमनी हे मला दिलंय," म्हणत चष्मिशनं पाना उचलला आणि एक सैल बोल्ट आवळायला घेतला. बुटकीचा जळफळाट झाला. "खबरदार हात लावलास तर. तो आवळला की यंत्र उलट जास्त थरथरतं." "का गं?" "तेच तर अजून कुणाला कळलेलं नाही." चष्मिशचे डोळे चमकले. "मग तू जा निवांत नोकरीवर. मी शोधते." 'शोध बाई,' म्हणायला बुटकीनं तोंड उघडलं, पण निघालं भलतंच. "ऊठ माझ्या खुर्चीवरून. नोकरी गेली खड्ड्यात, मॅडमना सांगून येते."