आशीर्वादाइतका सूर

"पुन्हा छेड," मेतुआ म्हणाला. "आणि आशीर्वाद जरा सावकाश म्हणू. तामारुआ कधी घाई करायचा का?"

"त्याला कसली घाई? मागच्या बाकावरची माणसं भुकेने कासावीस व्हायची, तरी ह्याचा एकेक शब्द आपला टेकडी चढून यायचा." तेईनाने गिटारची तार छेडली.

दोघांनी एकदमच सुरुवात केली. "देवाची कृपा या घरावर राहो. मळ्यात राबणाऱ्यांवर राहो. समुद्रावर गेलेल्यांवर राहो..."

तिथे सूर विझला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तेईनाने तारांवर तळवा टेकवला.

"बघ," तो म्हणाला. "बोटीतल्यांना समुद्रावरच सोडलं."

मेतुआ हसला, पण मनातून तो खट्टू झाला होता. येत्या रविवारी तामारुआच्या थडग्यावरच्या नव्या दगडाचं पांघरूण काढायचं होतं. तामारुआ त्याचा मेव्हणा. सकाळपासून मेतुआच्या ओसरीवर ही गिटार उताणी पडली होती. आयुष्यभर त्याने बेटावरचे रेडिओ नि फ्रीज दुरुस्त केले. पण हिचं दुखणं काही हाती लागत नव्हतं.

तारा नव्या घातल्या. मान जिथे धडाला जोडतात तिथले स्क्रू आवळले. तारांखालचं चुंबक फार जवळ असलं तर तारेला ओढून धरतं, म्हणून तेही खाली उतरवलं. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी काढून पुसून पुन्हा बसवली. मानेवरचा एकही धातूचा पडदा झिजलेला नव्हता. तरी सूर आपला समुद्रापर्यंतच.

"लाकूड म्हातारं झालं असेल," तेईना म्हणाला.

"लाकूड म्हातारं झालं की गोड होतं. माणसाचंच तेवढं उलटं."

"तू तर तरुणपणीही आंबटच होतास."

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला आकाइती, मेतुआची धाकटी बहीण, मांडीवर फुलांची गोधडी घेऊन बसली होती. हीच गोधडी रविवारी नवऱ्याच्या दगडावर पांघरायची, आणि मग सगळ्यांनी मिळून ती ओढून घ्यायची. तिने हातातली सुई खोचून ठेवली, उकडलेल्या तारो कंदांची थाळी आणली आणि भावाच्या खांद्यावर थाप मारली.

"दोनदा हाक मारली, दादा. खाऊन घ्या आधी."

कामात डोकं घातलं की या दोघांना कुणाची हाक पोचत नाही, हे तिला लग्नाआधीपासून ठाऊक होतं.

खाता खाता धक्क्याजवळच्या नाचघराची गोष्ट निघाली. मधोमध तामारुआ गायचा, मागे मेतुआचे ढोल, बाजूला तेईनाची गिटार, आणि दोघांच्या कानाशी कपाटाएवढे लाऊडस्पीकर. शनिवारी सगळा गाव तिथे लोटायचा. पुढे तामारुआचं मन देवाकडे वळलं आणि तो प्रवचनच गाऊ लागला. नाचघर सुटलं, पण दोघे सोबती त्याने सोडले नाहीत, आणि ते लाऊडस्पीकरही नाहीत.

"चर्चचे पाळक म्हणाले होते, देवळात एवढा आवाज कशाला," तेईना म्हणाला.

"आणि तामारुआ म्हणाला, बायबलातल्या योनाला माशाच्या पोटात ऐकू गेलं पाहिजे."

आकाइती हसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

प्रवचन संपताना तेईनाने एकच सूर लावायचा आणि त्या एका सुरावर तामारुआने आशीर्वाद म्हणायचा. आमेन झालं की सूरही शांत. गावात लग्न असो, बारसं असो, त्याशिवाय कुणी जागचं उठत नसे. जाण्याआधी, अंथरुणावर पडल्या पडल्या तामारुआ म्हणाला होता, "माझ्या दगडापाशीही तोच सूर लाव. आशीर्वाद कुणीही म्हणो." तेईनाने मान डोलावली होती.

जेवण आटोपून त्यांनी पुन्हा तार छेडली. मेतुआने दुसरी वायर लावून पाहिली, आवाजाची पेटी बदलली. समुद्रावर गेलेल्यांपाशी सूर पुन्हा विझला, आणि पुन्हा तळवा टेकला.

ऊन माडांच्या खाली उतरलं. तेईनाने खिशातून रुमाल काढला आणि गिटार गळ्यापासून घोडीपर्यंत पुसली, आंघोळ घातलेल्या लेकराला पुसावं तशी. मेतुआला काय ते कळलं.

"असा हट्टाला पेटू नकोस."

"हट्ट नाही रे. अर्धा आशीर्वाद घेऊन त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहू?" तो आकाइतीकडे वळला. "आकाइती, पाळकांना सांग, रविवारी त्यांच्या पोरीला कीबोर्डवर बसवा. त्यावर सूर हवा तितका टिकतो. मी आपला लोकांत उभा राहीन."

तिने गोधडी बाजूला केली नाही.

"एकदा माझ्यासाठी वाजव," ती म्हणाली. "आशीर्वाद मी म्हणते. ते म्हणायचे तसा."

"पुरणार नाही गं तो."

"न पुरो. तू तेवढा तारांवर तळवा ठेवू नकोस. मी डोळे उघडेपर्यंत हात लावू नकोस."

तेईनाने मेतुआकडे पाहिलं. मेतुआने खांदे उडवले. विधवेची विनंती, नाही कशी म्हणणार? तेईनाने डावं बोट दाबून धरलं आणि तार छेडली.

आकाइतीने डोळे मिटले. सुई हातातच राहिली. ओठ हलू लागले, हळूहळू, नवऱ्याच्या चालीने. घरावर. मळ्यावर. समुद्रावर. सूर विझला. तेईनाचा तळवा सवयीने उचलला गेला. त्याने तो गुडघ्यावर दाबून धरला.

तिचे ओठ हलतच होते. आजाऱ्यांवर. पोरक्यांवर. पुढे गेलेल्यांवर, आणि मागे राहिलेल्यांवर. मेतुआने टोपी काढली. आमेन म्हणून तिचे ओठ मिटलेले त्याला दिसले.

तरीही ती डोळे उघडेना. मान किंचित गिटारकडे कलती करून ती तशीच बसून राहिली. दोघांच्या कानांना ओसरीवर सगळं शांत होतं. दोघे म्हातारे श्वास रोखून तिच्या तोंडाकडे पाहत राहिले.

मग तिने डोळे उघडले आणि सुई पुन्हा कापडात घातली.

"आता थांबला सूर," ती म्हणाली.