धुक्यातली हजेरी

“हजर.”

हा दिगंबर. म्हणजे दिगंबर नव्हताच, भिमाजी होता. पण नाक चिमटीत धरून बोलला, म्हणून दिगंबर. बोलला आणि लगेच वाकून, अनवाणी, तीन बाकं मागं पळाला. कारण पुढचं नाव महिपतीचं, आणि महिपती कायम भिंतीकडं बसायचा.

“महिपती शेळके.”

“हजर.” हे पोटातून. महिपतीचा आवाज रेड्यासारखा.

वर्गात धुकं भरलं होतं. लोणावळ्याचं श्रावणातलं धुकं ते. खिडकीला काच नसली की सरळ आत येतं आणि बाकावर बसतं. मास्तरांच्या टेबलाजागी नुसता एक काळपट डाग दिसत होता. डागावर पगडी होती, एवढं कळत होतं. तो डाग हजेरी घेत होता. आणि इंग्रजी चौथीच्या एकोणीस पोरांपैकी वर्गात पोर होतं एक.

बाकीची अठरा स्टेशनावर. त्या दिवशी घाट चढून पहिल्यांदा विजेचं इंजिन येणार होतं. ना धूर, ना कोळसा. वर एक तार, बास. आठ दिवस पोरांना दुसरं काही सुचत नव्हतं. बजरंग तर म्हणे, ते रुळाला टेकतच नाही. हेडमास्तरांना याचा वास लागला होता. शाळेतलं कुणीही स्टेशनाकडं फिरकलं तर गय करणार नाही, असं त्यांनी आदल्या दिवशी बजावलं. कुणीही, हे दोनदा म्हणाले.

भिमाजीला जाता येणार नव्हतंच. तो नवलाख उंबरे गावचा, इथं मावशीकडं राहून नादारीवर, म्हणजे फी माफ करून घेऊन, शिकायचा. भाताच्या लावणीला दोन दिवस गावी गेला, त्याच्या दोन गैरहजेऱ्या लागल्या होत्या. तिसरी लागली की नादारी बंद. नादारी बंद की शाळा बंद, आणि मग म्हशी. म्हशी फी मागत नाहीत, असं त्याचे वडील, आबा, त्याला दर खेपेला ऐकवायचे.

मग दिगंबरनंच डोकं लढवलं. तू राहतोच आहेस, तर आमचंही हजर म्हण. धुक्यात कोण बघतंय? परत आल्यावर इंजिनाचं सगळं सांगू, अगदी चाकं मोजून. भिमाजी नकला झकास करायचा. विहिरीवर सगळ्यांच्या करून दाखवायचा आणि कौतुक करून घ्यायचा. ते आता अंगाशी आलं होतं.

“नथू गायकवाड.”

“हजर.” नथू बोलतो तेव्हा तोंडात कायम काहीतरी असतं. भिमाजीनं सदऱ्याची बाही चावली.

“बजरंग दाभाडे.”

बजरंगचा आवाज फुटत होता. वर सुरू व्हायचा, खाली पडायचा. तो तसाच पाडला आणि भिमाजी उजवीकडं धावला. गुडघा बाकावर आपटला. डोळ्यांत पाणी आलं, पण ओरडायचं कुणाच्या आवाजात, हा प्रश्नच होता.

एक बरं होतं. त्र्यंबक मास्तर एरवी प्रत्येक हजरमागं एक टोमणा मारायचे. आज नुसती नावं. आवाजही घोगरा. सर्दी झाली असणार.

तेवढ्यात व्हरांड्यात हेडमास्तरांची काठी वाजायला लागली. टक, टक, आणि दाराशी थांबली. टेबलाकडचा आवाज एकदम चढला. भिमाजीचाही चढला. दोन नावं, दोन हजर, खणखणीत. काठी पुढं गेली. कुणीतरी मोठ्ठा श्वास सोडला. भिमाजीला वाटलं, आपणच सोडला.

तेरा झाले. पंधरा झाले. भिमाजी घामानं निथळत होता. सोळा, सतरा, अठरा.

“भिमाजी बधाले.”

भिमाजी पुढं धावला, मग मागं धावला, मग मधेच थांबला. हा कुठं बसतो? ह्याचा आवाज कसा? नाकातला? पोटातला? काही केल्या आठवेना.

“भिमाजी बधाले.” दुसऱ्यांदा.

आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यानं तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली. अठरा जणांत आवाज वाटून झाला होता, स्वतःसाठी उरलाच नव्हता. त्यानं खाकरून पाहिलं. गळा धरून पाहिलं. टेबलावर दौतीत टाक बुडवल्याचा आवाज आला. तिसरी गैरहजेरी. वर्गात बसून, घाम गाळून, तिसरी गैरहजेरी. म्हशी दिसायला लागल्या.

टाक खाली ठेवला गेला. खुर्ची सरकली. पगडी असलेला डाग बाकांमधून यायला लागला, हळूहळू, एकेक रिकामं बाक हातानं चाचपत. भिमाजीनं छडीसाठी हात पुढं केला आणि डोळे गच्च मिटले.

छडी काही पडेना. तंबाखूचा वास मात्र आला. त्यानं एक डोळा उघडला. मास्तरांच्या पगडीखाली, मास्तरांच्या कोटात, शाळेचा शिपाई हौशीराम उभा होता.

“हजर म्हन की रं भिमा,” हौशीराम कुजबुजला. “अठरा झाले, येक ऱ्हायला. मास्तर टेसनावर जाताना सांगून गेल्यात, समद्यांची हजेरी लागल्याबिगर म्या इंजिन बघाया यायचं न्हाई.”