देवकाचा घास

"मिळाला, पण एकच!" म्हणत चर्चचा राखणदार योकाना धापा टाकत आत आला. त्याने केळीच्या पानाची पुडी वेदीपाशी ठेवली. पुडीत काहीतरी खुडबुडत होतं.

पास्टर एरिसाच्या कपाळावर आठी पडली. नोव्हेंबर सरत आला, पावसाची झड लागलेली, आणि अख्ख्या मसाका शहरात एक नाकतोडा? पूर्वी या दिवसांत नाकतोड्यांनी आभाळ झाकोळायचं. बायका पंख-पाय खुडून कांद्याबरोबर परतायच्या, गल्लीभर खमंग वास सुटायचा. आज एका बाप्तिस्म्यापुरता शोधताना योकानाच्या तोंडाला फेस आला होता.

आणि शोधणं भागच होतं, कारण नियम एरिसाचाच. त्याच्या कुळाचं देवक नाकतोडा. देवकाला मारायचं नाही, खायचं तर मुळीच नाही. तरुणपणी त्याने याच वेदीपुढे मूठभर नाकतोडे कराकरा चावून खाल्ले होते. "बघा, येशूने मला या खुळातून सोडवलं!" काय टाळ्या पडल्या होत्या! तेव्हापासून कुळातल्या ज्याला बाप्तिस्मा हवा, त्याने आधी चारचौघांत नाकतोडा खायचा, असं ठरलं. मग चर्चनेच टेकडीवर झगझगीत दिवे लावले, पत्रे उभे केले. दिव्यावर झेपावणारे नाकतोडे पत्र्यावरून घसरत खालच्या पिंपात पडायचे. पिंपंच्या पिंपं कंपालाच्या बाजारात गेली आणि चर्चवर नवं छप्पर चढलं. सगळं कूळ वळलं. अडून बसली ती एकटी त्याची आत्या, नामुली.

आज तीही काठी टेकत आली होती.

"आत्या, मनाची तयारी झाली ना?"

"झाली रे बाबा. माझी रूथ तिकडे येशूपाशी एकटी आहे. लेकीला भेटायचं तर म्हणशील ते खाईन. आण इकडे."

"तळून आणू का?" योकानाने हळूच विचारलं.

"एकासाठी कसला तवा तापवतोस, मेल्या!" आत्या म्हणाली. मागच्या बाकांवर खसखस पिकली.

तिने पुडी उघडली. हिरवागार नाकतोडा तिच्या सुरकुतल्या तळहातावर आला आणि मिशा हलवत बसून राहिला. आत्या त्याच्याकडे बघत राहिली.

"आजोबा म्हणायचे, सगळ्यांनीच खाल्लं तर याला वाली कोण? म्हणून एकेका कुळाने एकेक जीव सांभाळायचा. प्रलयात सगळे जीव नावेत घेणाऱ्या नोहाची तुझी गोष्ट पहिल्यांदा ऐकली ना एरिसा, तेव्हा मला वाटलं, अगं बाई, हा म्हातारा तर आपल्याच कुळातला दिसतो!"

कुणी हसलं नाही.

"सांग आता. खाऊ ना?"

एरिसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. देवाने घडवलं आणि चांगलं आहे म्हटलं, ते त्याने पिंपात भरून विकलं होतं. वर ते खाण्यालाच विश्वासाची साक्ष म्हणत आला होता. बाकांवर त्याच्याच शब्दाखातर देवक खाल्लेली माणसं बसली होती. त्यांच्याकडे मान वर करून बघायची त्याची छाती होईना.

"नको, आत्या," तो कसाबसा म्हणाला.

"मग बाप्तिस्मा?"

"देतो."

तिने नाकतोडा परत पुडीत ठेवला, पुडी मिटून अलगद ओंजळीत धरली आणि पांढरं डोकं पुढे वाकवलं. एरिसाने पाण्यात हात बुडवला. पुस्तकातला पहिला प्रश्न त्याने शेकडो जणांना विचारला होता.

"तुला तुझ्या पापांचा पश्चात्ताप होतो का?"

आत्याने उत्तरासाठी तोंड उघडलं, पण त्याआधीच भरल्या चर्चला एरिसाचा आवाज ऐकू आला, "होतो."