आज काय दिसलं?

शिवशंकर फौजेत रडारवर होता. ट्रकवरचं रडार, शत्रूची विमानं शेकडो मैलांवरून टिपायचं, सारखं जागा बदलायचं. मुक्काम सांगायची मनाई. पिंपळगावातून जयवंताबाई लेकाला फोनवर एवढंच विचारायची, “आज काय दिसलं?” “काय न्हाई, माय.” मेंढरं चारून आलेला नवराही लांडग्याबद्दल हेच सांगायचा. लांडग्यानं कोकरू नेलं त्या दिवशी मात्र तो जेवताना इकडचं-तिकडचं बोलत राहिला. तिनं काही न विचारता आणखी एक भाकरी वाढली. आज शिवशंकर बोलत सुटला. काळी मेंढी व्याली का, सोयाबीन सोंगली का, बोअरला पाणी किती. आवाज थकलेला, तरी फोन ठेवेना. जयवंताबाई सांगत राहिली. नेहमीचं तेवढं विचारलं नाही. शेवटी तोच म्हणाला, “माय, विचार की.” “काय दिसलं?” “काय न्हाई.” जयवंताबाईनं नकळत टोपल्यातली भाकरी उचलली. वाढायला समोर ताट नव्हतं.