अराहाबाकीचे पाय

“पाय तोड त्याचे,” विभागप्रमुख कुझे म्हणाले. “गुडघ्याखाली. दोन्ही. सहा वाजता मला तो आडवा पडलेला दिसला पाहिजे.”

शिहो ओइकावाच्या संगणकाच्या पडद्यावर अराहाबाकी उभा होता. मातीच्या जुन्या बाहुलीसारखं थोराड अंग, मिटल्या शिंपल्यांसारखे डोळे, खांबासारखे आखूड पाय. या व्हिडिओ गेमच्या प्रत्येक भागात हा राक्षस यायचा आणि खेळणारी पोरं त्याला मारायची. छातीतला दिवा विझला की तो संपायचा. आता पोरांना त्याचा कंटाळा आला होता. तोक्योच्या या कचेरीत त्याला हलवण्या-चालवण्याचं काम शिहोचं होतं.

“छातीतला दिवा विझवूनच मारू या ना, कुझेसान. मी काहीतरी नवीन—”

“संग्रहालयातल्या मातीच्या मूर्तीलाही एकच पाय आहे, ओइकावा. मी स्वतः बघून आलोय. तू कुणाची वकिली करतेयस?”

“राक्षसाची,” शेजारचा तेजिमा हसला. “फी काय देतो गं तो?” त्याने तिच्यापुढे चहाचा पेला सरकवला, मग जीभ चावली. “अरे हो, तुझं व्रत! राहू दे, मीच पितो.”

बाबांचा पाय बरा होईपर्यंत चहाला शिवायचं नाही, असा नवस शिहो बोलली होती. तोही याच अराहाबाकीला. तिच्या मियागीतल्या गावी तो राक्षस नव्हता. भातखाचरांच्या कडेला त्याचं इवलंसं देऊळ होतं. त्याचा चेहरा कुणी पाहिलेला नव्हता. तो पायांचा देव, एवढंच लोकांना ठाऊक. ज्याचा पाय दुखेल त्याने तिथे गवताच्या चपला बांधायच्या. कुणी बूट ठेवी, कुणी कुबड्या, एकाने तर आपला जुना लाकडी पायच आणून टेकवला होता.

या घटकेला बाबा सेंदाईच्या इस्पितळात ऑपरेशनच्या टेबलावर होते. उभा जन्म डोंगरातल्या घरोघरी विजेचे मीटर वाचत फिरलेला माणूस. साखरेच्या दुखण्याने डावा पाय काळा पडला होता. डॉक्टर म्हणाले होते, वाचवायला बघतो. नाहीच जमलं तर गुडघ्याखाली घ्यावा लागेल.

काल फोनवर तिने बाबांना कामाचं सांगितलं, तर ते हसले होते. “पोटासाठी करतेस ना? मग कर. देव आहे तो, समजून घेईल.” पण तिचा हात काही पुढे होईना.

“सहापर्यंत झालं नाही तर हे काम तेजिमाकडे जाईल,” कुझे जाता जाता म्हणाले. “त्याला देवाधर्माची अडचण नाही.”

शिहोने डोळे मिटले. तुझे पाय मी राखते, ती मनात म्हणाली. बाबांचा तू राख.

मग ती कामाला बसली. हरलेला माणूस पडत नाही तेव्हा काय करतो? निघून जातो. तिने अराहाबाकीला पाठ फिरवायला लावली. त्याला एक चाल हवी होती. तिला एकच चाल पाठ होती. चढ आला की मांडीवर हात टेकायचा, डावं पाऊल जरासं बाहेर पडायचं. लहानपणी बाबांच्या त्या पावलांच्या मागे ती कितीतरी डोंगर चढली होती. शेजारी फोन पडला होता. तो वाजू नये आणि वाजावाही, असं तिला वाटत होतं.

सहाला कुझे येऊन तिच्या पाठीशी उभे राहिले. तेजिमा खेळायला बसला. छातीतला दिवा विझला. अराहाबाकी डळमळला, सावरला, वळला आणि मांडीवर हात टेकून धुक्यातला चढ चढू लागला.

तेजिमाने बटणं बडवली. “अरे, पडत का नाही हा? ओ आजोबा, निघालात कुठे?”

कुझे पडद्याकडे वाकले.

“हरला आणि चालत गेला,” ते म्हणाले. “म्हणजे परत येणार. पडण्यापेक्षा हे जास्त भीतीदायक आहे. ठेव असंच.”

शिहोने सुस्कारा टाकला. तिने आपला शब्द पाळला होता. तेवढ्यात फोन थरथरला. आई होती.

“शिहो,” आईचा आवाज अगदी सपाट होता. “नाही गं वाचला पाय. घेतला त्यांनी.”

पडद्यावर डाव पुन्हा सुरुवातीला आला होता. अराहाबाकी दोन्ही पायांवर भक्कम उभा होता, पुढच्या खेळणाऱ्याची वाट बघत. मी राखले तुझे, शिहोच्या मनात आलं, आणि तू? तिने त्याचे गुडघे निवडले. आता एक कळ दाबली की दोन्ही तुटणार होते. तिचं बोट त्या कळीवर टेकलं.

“बाबांना बोलायचंय तुझ्याशी,” आई म्हणाली. “कमरेखालीच भूल दिली होती. केव्हाचे फोन मागतायत.”

जरा खरखर झाली. मग बाबांचा दमलेला आवाज आला.

“पोरी, तोडलेस का गं त्याचे?”

“नाही.” तिने कळीवरचं बोट उचललं. “नाही तोडले, बाबा. चालत पाठवला त्याला.”



“बरं केलंस,” बाबा म्हणाले. “दोघांतला एक तरी चालता राहिला.”