झेलेंकांचं भांडं

चार रस्ते, एक चर्च आणि मक्याची उंच कोठारं, एवढ्या भांडवलावर आमचं आयोवातलं गाव स्वतःला शहर म्हणवतं. यंदा त्याला दीडशे वर्षं झाली, म्हणून व्हर्ला टीडमनने गावाचा इतिहास छापला. त्यात पानोपानी तिचे पणजोबा आहेत. ज्या झेलेंकांच्या शेतावर गाव वसलं आणि ज्यांना याच पणजोबांनी हुसकावलं, ते मात्र एकाही पानावर नाहीत.

चर्चच्या तळघरात जेवण होतं. इथे प्रत्येक बाई घरून एक पदार्थ आणते, आणि भांडं परत मिळावं म्हणून त्याच्या बुडाला पट्टी चिकटवून नाव लिहिते.

त्या दिवशी टेबलावर एक भांडं जास्त निघालं. शेजारच्या ऑर्फाने ते उचलून खालून पाहिलं.

"व्हर्ला, यावर झेलेंका लिहिलंय गं."

"कुणाचा तरी चावटपणा. फेकून दे."

"अगं, चटका बसतोय. आत्ताच भट्टीतून काढल्यासारखं आहे."

"झेलेंका म्हणून इथे कुणी नव्हतंच कधी!" व्हर्ला कडाडली. पाद्रीबाबांनी लगेच मान डोलावली. ते कुणापुढेही डोलावतात.

मी म्हटलं, "तुझ्या भांड्यावर तरी तुझंच नाव आहे ना, बाई?"

"म्हातारबा, डोळे उघडून बघा!" म्हणत तिने आपलं भांडं माझ्या नाकासमोर उंच धरलं.

पट्टीवर झेलेंका लिहिलं होतं. अक्षर व्हर्लाचंच होतं.

त्यानंतर तळघरातल्या एकाही बाईने आपलं भांडं उचललं नाही.