घंटेनंतरची उसवण

आठ तासांच्या वर काम घ्यायचं नाही असा कायदा आला, तशी शिवण कारखान्यातली माणसं घंटा होताच घरच्या ओढीने पळू लागली. म्हातारे मास्तर तेवढे मशीनला चिकटून. त्यांच्या घरी वाट बघणारं काय, तर कुलूप.

एका संध्याकाळी तपासणीच्या साहेबांनी त्यांना पकडलं. "मास्तर, तुमच्यापायी मालकाला दंड होईल. मग तो तुम्हाला दारातसुद्धा उभं करणार नाही."

"मी कुठे शिवतोय, साहेब? माझाच कोट आहे. काल शिवला, आज उसवतोय. उसवण्याला काम म्हणतात होय?"

साहेबांनी रिकाम्या हॉलभर नजर फिरवली आणि हळूच स्टूल ओढलं.

 

"दुसरी बाही द्या इकडे. माझंही ऑफिस केव्हाच सुटलंय."